मॅचिंग सेंटरमधला तिसरा परीक्षक

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.
आज संध्याकाळी सातला 'ठेका महासंग्राम'चा तिसरा सीझन सुरू. पहिल्या दोन सीझनला मी माझी मतं तोंडी दिली, त्यामुळे ती वाया गेली. या वर्षी लेखी. वही कुणाला दाखवायची नाही. निकाल लागला की स्वतःशी पडताळून बघायचा, बस.

नोंद असावी म्हणून: मी महेश्वर गुरुबसप्पा बिराजदार, वय ५२. गुरुबसप्पा मॅचिंग सेंटर, सोलापूर. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, लेस. दुकानाला नाव वडिलांचं, नजर माझी. बाई साडी घेऊन पायरी चढली की तिच्या शेडचा तुकडा कुठल्या खणात आहे ते मला कळलेलं असतं. आणि नाच म्हणजे तरी काय? अंगाचं आणि ठेक्याचं मॅचिंग.

नृत्याची पार्श्वभूमी: शाळेच्या गॅदरिंगला कोळीनृत्यात होडी माझ्या हातात होती. लोक म्हणतात होडी धरणारा नाचत नाही. मग होडी कुणामुळे नाचते?

त्याच दिवशी, कार्यक्रम संपल्यावर.
लातूरची जोडी: अप्रतिम. ९. विजेते हेच. लिहून ठेवतो.
नाशिकचा मुलगा: सहा उलट्या उड्या. उड्या म्हणजे व्यायाम. ४.
वेळापूरचा अभिमन्यू: आपल्या जिल्ह्यातला. गोंधळावर हिपहॉप. अंगावर काटा. ९.५. अर्धा गुण कापला, कारण जॅकेटला अस्तर नव्हतं, गिरकी घेताना आतली शिलाई दिसली. दोन्ही परीक्षकांच्या लक्षात आलं नाही.
सांगोल्याची रेश्मा: लावणी. हसते फार. डाळिंबी साडीवर राणी कलरचा ब्लाऊज. डाळिंबी रंग सांगोल्याच्या पोरीला कळू नये? ५. पुढच्या आठवड्यात घरी.

लातूरची जोडी आजच बाद झाली. मी विजेते म्हटलं ते कलेच्या अर्थाने.

२ फेब्रुवारी, रविवार.
शेजारच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या बाळासोला मतं ऐकवली. तो म्हणाला, मालक, तुमी चॅनेलच्या पेजवर लिवा की, माझ्या टाळक्यात कशाला घालताय. प्रोत्साहन समजून लगेच लिहिलं. अस्तराचा मुद्दा सविस्तर मांडला. एक लाईक आला. बाळासोचाच. सुरुवात अशीच होते.

९ फेब्रुवारी, रविवार.
काल रेश्माला दोन्ही परीक्षकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. परीक्षक दोन. एक दाढीवाले मास्तर, एक लाल चष्म्याच्या बाई. दोघांचाही अभ्यास कमी पडतोय.

अव्वा कानडीत म्हणाली, चलो कुणीताळ. पोरगी छान नाचते, असं. अव्वा म्हणजे माझी आई, वय ८१, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. तिला समजावून सांगितलं की नाच हा पायात बघायचा, चेहऱ्यात नाही. पंधरा मिनिटं सांगितलं. अव्वाने कूस बदलली. पटलं असावं.

सौ. कार्यक्रम बसून बघत नाही. सिद्धेश्वरीचं, म्हणजे सौ.चं, तसंच आहे, कलेची आवड नाही. भाकरी थापत दारातनं बघते. एक मात्र नोंदवतो, कार्यक्रम चालू असला की भाकरीचा आवाज बरोबर ठेक्यात येतो. योगायोग.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
मोठी बातमी. 'ठेका महासंग्राम'मध्ये 'घरचा ठेका' नावाचा विशेष भाग. पंचेचाळीस वर्षांवरील नवरा-बायको. सर्वसामान्य घरातले. ऑडिशन १६ मार्चला, सोलापुरात!

मी उठून उभाच राहिलो. नशीब दारात येऊन थांबलं की माणसाने बसून राहू नये. सौ.ला सांगितलं की आपण भाग घेतोय. ती परातीत पीठ मळत होती. म्हणाली, बघू. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिचं 'बघू' म्हणजे होकार असतो. किंवा नकार. या वेळी होकार.

भुवनेश्वरीने, म्हणजे आमच्या मुलीने, मोबाईलवर फॉर्म भरला. नृत्याचा अनुभव या रकान्यात माझ्यापुढे ३७ वर्षे लिहायला सांगितलं. सौ.पुढे निरंक.

१६ फेब्रुवारी, रविवार.
संकल्प:
रोज पहाटे साडेपाचला गच्चीवर सराव.
चहात साखर अर्धी.
जिना दिवसातून चार वेळा.
दुकानात उभं राहूनच धंदा. पायाची ताकद.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
गजर वाजला. बंद केला. पहिल्या दिवशी शरीराला कल्पना द्यायची असते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
काल जिना चार वेळा केला, त्यामुळे आज पायाला विश्रांती. उभं राहून धंदा करताना एक बाई म्हणाल्या, काका, मूळव्याध आहे का? खाली बसलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
शिवजयंती. सरावाला सुट्टी.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
सराव सुरू. साडेपाच नाही, सात. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे चांगली जागा आहे. सौ. पदर खोचून आली. मी आधी थिअरी घेतली. ठेका म्हणजे काय, सम म्हणजे काय, चेहऱ्यावर काय आणायचं, काय आणायचं नाही. पाऊण तास झाला. सौ.ने विचारलं, नाचायचं कधी? तिला घाई फार. थिअरी संपेपर्यंत ऊन चढलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
आज प्रत्यक्ष. हलगीचा ठेका मोबाईलवर लावला. गाणं नको, नुसती हलगी, ही कल्पना सौ.ची. मी मान्य केली म्हणजे आता आमच्या दोघांची.

अडचण एकच आहे. सौ. पुढे जाते. मी पाय टाकायच्या आत तिचा पडलेला असतो. तिला तीनदा सांगितलं की थांब, ठेका येऊ दे. ती म्हणाली, येऊन गेला. असं कसं येऊन जाईल?

शेजारच्या गच्चीवरनं कमलम्मा बघत होत्या. कपडे वाळत घालायला आल्या आणि अर्धा तास थांबल्या. टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, तुमी जरा बाजूला सरका, सिद्धक्का दिसंना झालीय.

कमलम्मा सत्तरीच्या आहेत. त्यांना लांबचं दिसत नसावं.

२६ फेब्रुवारी, बुधवार.
महाशिवरात्र. उपवास. उपवासात नाचू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण नाचावं असंही नाही.

सौ.चाही उपवास होता. ती वर जाऊन आली.

१ मार्च, शनिवार. कार्यक्रमानंतर.
वाईट दिवस. अभिमन्यू बाद.
मी त्याला आज ९.७५ दिले होते. कालच पेजवर लिहिलं होतं की हा मुलगा आता कुणाच्या हाती लागत नाही. आणि उडी घेताना घसरला. कमी मतं पडली म्हणे. महाराष्ट्र अजून तयार नाही, एवढंच म्हणतो.

बाळासोने हिशोब मांडला की या सीझनला मी ज्यांची ज्यांची स्तुती केली ते पाचही बाद झालेत. आणि मी ज्या रेश्माला घरी पाठवतोय ती पहिल्या तिघांत आहे. त्याने हात जोडून विनंती केली की रेश्माबद्दल चांगलं काही लिहू नका, आमचं सासर सांगोल्याचं हाय.

अडाणी विचार. तरी रेश्माचे आजचे गुण वहीत लिहीत नाही. उगीच कशाला.

५ मार्च, बुधवार.
गुडघा. सरावाला दोन दिवस बसूनच मार्गदर्शन केलं. खुर्ची गच्चीवर नेली. सौ. आता माझ्याशिवायही सराव करते, हे थिअरीचं यश. आज तिने एक पाऊल असं टाकलं की मी म्हणालो, हे कुठनं आणलंस? ती म्हणाली, आलं. मी म्हणालो, असं येत नसतं, बसवावं लागतं. तिने परत टाकलं. परत तसंच आलं.

तिला ७ द्यायचे ठरवलं. मग वाटलं, डोक्यात हवा जाईल. ६.

८ मार्च, शनिवार.
महिला दिन. कॉलनीच्या हॉलमध्ये दुपारी बायकांचा कार्यक्रम. मी दुकानात. संध्याकाळपर्यंत सहा गिऱ्हाइकांनी येऊन सांगितलं की वहिनी काय नाचल्या हो. बाळासोची बायको तर म्हणाली की सगळा हॉल उभा राहिला, आणि अध्यक्षबाईंनी भाषण रद्द करून परत एकदा नाचायला लावलं.

प्रत्येकीला सांगितलं, माझ्याच हाताखाली तयार होतेय.

घरी आल्यावर सौ.ला म्हणालो की बघ, सत्तावीस वर्षांत जे जमलं नाही ते मी तीन आठवड्यांत तुझ्याकडनं करून घेतलं. तिने ताटात भाजी वाढली. पळी भांड्यात ठेवली. मग एकदम शांतपणे बोलली. जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला ते तपासून बघायचंय.

"लग्नानंतरची पहिली नागपंचमी. आमी पोरींनी गल्लीत फेर धरला होता. तुमी दुकानातनं आलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, आमच्यात बायका चारचौघांत नाचत न्हाईत. त्या दिवसापासनं न्हाई नाचले."

मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं असेल तर त्याला काही संदर्भ असणार. अव्वाला विचारलं की हा नियम तिचाच होता ना, तिने सुनेला सांगितला असेल. अव्वा म्हणाली, मी तर त्या दिवशी फेरात होते. तू मलाही घरात जा म्हणालास.

टीव्ही लावला होता. आजचे परफॉर्मन्स नीट बघता आले नाहीत. गुण नाहीत.

१० मार्च, सोमवार.
अजून आठवत नाही.

११ मार्च, मंगळवार. सकाळी.
आठवलं. पिवळी साडी होती. आणि ब्लाऊज मोरपंखी, आपल्याच दुकानातला.

विषय संपवला. ऑडिशनला पाच दिवस राहिलेत. माणसाने पुढे बघावं.

१६ मार्च, रविवार. दुपारी ४.
ऑडिशन. एका मंगल कार्यालयात. आमचा नंबर ११८. बार्शी, मोहोळ, करमाळा, सगळीकडनं जोड्या आल्या होत्या. एका मामांनी फेटा बांधून सकाळपासनं सोडला नव्हता. रांगेत मी आजूबाजूच्या चार जोड्यांना टिप्स दिल्या. त्यातल्या तीन बाद झाल्या. चौथी रांग सोडून दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली होती, ती निवडली गेली.

आमचा नंबर आला. हलगी लागली. पहिली वीस सेकंद मी पूर्णपणे ताब्यात होतो. एकविसाव्या सेकंदाला सौ. उजवीकडे वळली आणि ठरल्याप्रमाणे मी डावीकडे वळलो. ठरलं काय होतं यावर नंतर चर्चा करता येईल. डावीकडे स्पीकर होता. स्पीकर पडला नाही, त्यावरचा पंखा पडला.

हेडफोनवाला एक तरुण पुढे आला आणि अतिशय आदराने म्हणाला, सर, फ्रेम क्लीन करायचीय, जरा इकडे उभे राहता का. मी राहिलो. हलगी थांबली नव्हती आणि सौ.ही थांबली नव्हती. दोन मिनिटं ती एकटी. फेटेवाल्या मामांनी शिट्टी मारली. मी त्यांच्याकडे रागाने बघितलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. कुणीच बघत नव्हतं.

निकाल: आमची निवड झाली.

तपशील: सौ.ची निवड एकल नृत्यासाठी झाली, नियम वाकवून. माझी निवड 'कुटुंबीय' या गटात झाली. त्या गटात स्पर्धा कमी असते असं भुवनेश्वरी म्हणाली.

१७ मार्च, सोमवार.
नीट विचार केला. मुंबईला जायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. फॉर्म जोडीचा होता. सौ.ला मी मोठ्या मनाने परवानगी दिली की तू जा, भुवनेश्वरीला घेऊन जा, मी दुकान आणि अव्वा बघतो. ती म्हणाली, तिकिटं काढलीत आमी दोघींची. कधी काढली? म्हणाली, कालच.

मला विचारायच्या आधीच?

१८ मार्च, मंगळवार.
दुपारी सौ. दुकानात आली. पायरीखाली चपला काढल्या, गिऱ्हाईक काढतात तशा. काउंटरवर इरकल लुगडं ठेवलं. तिच्या आईचं, माहेरून, मैंदर्गीहून आणलेलं, काळपट निळं, काठ लाल. म्हणाली, ह्याला काय लावू ते सांगा, तुमाला कळतं त्यातलं.

सकाळपासनं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बघितलं. नवा लाल चालत नाही त्या काठाला, विटका दिसतो. कुंकवी पण नाही. चौथ्या रॅकच्या मागे एक जुना गठ्ठा होता, त्यात तो लाल सापडला. टू बाय टू सुती कापड, धुऊन धुऊन बसतो तसा रंग. मग काठाला आतनं कॅनव्हास पट्टी घातली म्हणजे गिरकीत काठ दुमडणार नाही. नेसलेल्या साडीत पाय अडकू नये म्हणून निऱ्यांना आतनं चार टाके कुठे घालायचे ते खडूने खुणा करून दिले. संध्याकाळ झाली. दोन गिऱ्हाइकं परत गेली.

सौ. ते अंगावर धरून आरशासमोर बराच वेळ उभी होती. जाताना म्हणाली, "तुमी पण चला की. निऱ्या कुणी बघायच्या तितं?"

तांत्रिक माणूस लागतोच. जायचं ठरवलं. बाकी आज विशेष काही झालं नाही.

२५ मार्च, मंगळवार. मुंबई. सकाळी १०.
सेट टीव्हीत दिसतो त्याच्या निम्मा आहे. जमीन चकाकते ती चिकटपट्टीमुळे. परीक्षकांच्या खुर्च्यांची मागची बाजू उसवलीय. टाळ्या कधी वाजवायच्या ते एक मुलगी हात वर करून सांगते, आणि कुणीही नाचत नसताना पाच मिनिटं टाळ्या वाजवून घेतल्या. हे बघून आतून थोडं तुटलं.

माझा पांढरा शर्ट लाईटला चमकतो म्हणून प्रोडक्शनने बदलायला दिला. गुलाबी. फिका, लहान मुलांच्या झबल्याचा असतो तो. निषेध नोंदवला, शर्ट घातला.

दुपारी २.
लाल चष्म्याच्या परीक्षकबाई हात धुवायच्या बेसिनपाशी भेटल्या. हीच संधी. मी म्हणालो, मॅडम, पहिल्या भागात अभिमन्यूच्या जॅकेटला अस्तर नव्हतं. त्या एकदम थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा चहाचा कप माझ्या हातात दिला आणि गेल्या.

विश्वास असल्याशिवाय कुणी कप देत नाही.

दुपारी ३.
माझी मुलाखत झाली. एका मुलाने माईक धरला आणि विचारलं, कसं वाटतंय. मी पंचवीस मिनिटं बोललो. होडीपासून सुरुवात केली. हलगी, सम, महाराष्ट्राची तयारी, सगळं घेतलं. तो मुलगा मध्ये दोनदा हात बदलून माईक धरत होता. प्रभावित झाला असणार.

संध्याकाळी ६.
सौ.चा नंबर झाला.

स्टेजवर जाण्याआधी निऱ्या बघितल्या. टाके घट्ट होते. ती म्हणाली, हात गार पडलेत. मी बघितले, खरंच गार होते. मला तेव्हा थिअरीतलं काहीही आठवलं नाही. मी नुसते हात धरून उभा राहिलो. नाव पुकारलं तशी ती गेली.

हलगी लागली.

परफॉर्मन्सबद्दल मत: (हे नंतर लिहीन.)

नाचून झाल्यावर दाढीवाल्या मास्तरांनी विचारलं, ताई, कुणाकडे शिकलात? मी खुर्चीत सरळ बसलो. गुलाबी शर्टाची वरची गुंडी लावली. सौ. म्हणाली, "कुणाकडे न्हाई. मैंदर्गीत बघून बघून शिकले. मग सत्तावीस वर्षं सुट्टी हुती."

सगळे हसले. मीही हसलो. मग काय झालं काय की, डोळ्यात काहीतरी गेलं. तिथे लाईट फार आहेत.

रेश्मा स्पर्धक म्हणून बाजूलाच उभी होती. तिने येऊन सौ.च्या पाया पडून तिच्याकडनं ते गच्चीवरचं पाऊल शिकून घेतलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आलं. मुलगी बरी आहे. बाळासोसाठी जास्त लिहीत नाही.

२६ मार्च, बुधवार. परतीच्या प्रवासात.
कालचे गुण द्यायचे राहिले. कुर्डुवाडी आलं तरी आकडा ठरत नाही. दहापैकी द्यायचे असतात ही पद्धतच चुकीची आहे.

सौ. खिडकीला डोकं टेकून झोपलीय. पाय मात्र हलतोय.

३१ मार्च, सोमवार.
५ एप्रिलला प्रक्षेपण. तयारी:
दुकानातला टीव्ही बाहेर कट्ट्यावर.
मंगल कार्यालयातून चाळीस खुर्च्या.
शेंगाचटणी-भाकरी, ताक. ताक जास्त.
माझ्या मुलाखतीच्या वेळी कुणी उठू नये अशी सूचना आधीच.

गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पंचवीस मिनिटं बोललोय, कापून कापून दहा तरी ठेवतील. बाळासो म्हणाला, मालक, आख्खा कार्यक्रमच एक तासाचा हाय की. मी म्हणालो, जाहिराती कमी करतील.

५ एप्रिल, शनिवार. कार्यक्रमानंतर.
खुर्च्या चाळीस, माणसं शंभरावर. अव्वाला पहिल्या रांगेत गादी टाकून दिली. कमलम्मांनी शाल पांघरली होती, ऐन एप्रिलमध्ये, मानाचा कार्यक्रम म्हणून. मी उभा राहून छोटं प्रास्ताविक केलं. अव्वा म्हणाली, सुम्न कूड. गप बस. बसलो.

सौ.चा नाच लागला तेव्हा एकही पोर रडलं नाही, एकही गाडी हॉर्न देऊन गेली नाही. रिक्षावाले थांबून बघत होते. तो काठ दुमडला नाही. गिरकीत एकदाही नाही. मी सौ.कडे बघितलं तर ती टीव्हीकडे बघतच नव्हती. ती गल्लीकडे बघत होती, सगळी गल्ली तिला कशी बघतेय ते.

मग माझं आलं.

दहा मिनिटं नाही. मोजता आलं नाही, पण दोन सेकंद असावीत. आवाज नाही. गुलाबी शर्टात मी, तोंड उघडं, गालावरनं पाणी ओघळतंय. खाली पट्टी:

'सिद्धेश्वरी बिराजदार यांचे वडील.'

अव्वाने विचारलं, खाली काय लिहिलंय? कुणी सांगेना. शेवटी भुवनेश्वरीने वाचून दाखवलं. अव्वाने थोडा विचार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तू हिचा बाप, तर मग मी हिची आज्जी का?"

त्यानंतरचं नीट लिहिता येत नाही. बाळासो खुर्चीवरनं खाली बसला आणि तिथेच राहिला. कमलम्मांनी शाल तोंडात धरली. अव्वाला हसून हसून ठसका लागला, तिला ताक पाजावं लागलं. सौ.ने पदर तोंडाला लावला होता. सत्तावीस वर्षांत तिला एवढं हसताना मी बघितलं नव्हतं, तेवढंच एक.

६ एप्रिल, रविवार.
चॅनेलला पत्र पाठवलं. विषय: नात्यातील गंभीर चूक. पट्टी दुरुस्त न केल्यास पुढील सीझन पाहणार नाही असा इशारा दिला. पुनःप्रक्षेपण गुरुवारी दुपारी आहे.

दुकानात गर्दी. नऊ बायकांनी तसाच लाल मागितला. तो गठ्ठा संपला. एक नवीन गिऱ्हाईक म्हणाली, काका, तुमची मुलगी किती छान नाचते. मी म्हणालो, ती माझी पत्नी आहे. त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, असू दे.

९ एप्रिल, बुधवार.
सौ.ने गच्चीवर क्लास सुरू केला. संध्याकाळी पाच ते सहा. पहिल्याच दिवशी अठरा बायका. मी थिअरी घ्यायची तयारी दाखवली. ती म्हणाली, बघू.

हे 'बघू' मला आता ओळखता येतं.

१० एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७.
पुनःप्रक्षेपण बघितलं. चॅनेलने माझ्या पत्राची दखल घेतली. चूक दुरुस्त केलीय. मलाच काढून टाकलंय.

बराच वेळ दुकानात बसून राहिलो. गिऱ्हाईक नव्हतं. पाच वाजता शटर अर्धं ओढलं आणि गच्चीवर गेलो, नुसतं बघायला. सौ.ने बघितलं. बोटाने शेवटच्या रांगेत जागा दाखवली. मी म्हणालो, मी बघतोय फक्त. ती म्हणाली, "बघून झालंय तुमचं. उभे राहा."

उभा राहिलो. हलगी लागली. मी ठेक्याची वाट बघत होतो. शेजारी कमलम्मा होत्या. त्या हळूच म्हणाल्या, माझ्या पायाकडं बघा आणि तसं करा.

केलं. एकोणीस जणांत माझा नंबर एकोणिसावा. गुण सौ.ने दिले नाहीत, म्हणाली, उद्या परत या.